ड्रोन मीच उडवणार!

ड्रोन उडवणं म्हणजे काय मोठं काम आहे? दोन दांडे आणि चार बटणं! गेल्या महिन्यात मी हे सगळ्या ऑफिसला इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं.

मी आमच्या आपत्ती विभागाचा प्रमुख. पूर, आग, दरड, काहीही झालं की पहिला फोन मला येतो, आणि मी तो लगेच ताईंना लावतो. ताई म्हणजे अग्निशमन केंद्राच्या प्रमुख. गेल्या उन्हाळ्यात एका गोदामाला आग लागली. आत कुणी अडकलंय का, ते बाहेरून कळेना. ताईंची दोन माणसं धुरात शिरली. आत कुणीच नव्हतं! त्यातला एकजण अजून खोकतो. तेव्हापासून ताईंचा एकच ध्यास. आपल्या लोकांना ड्रोन शिकवायचा, म्हणजे आधी वरून बघता येईल आणि उगाच कुणाचा जीव पणाला लागणार नाही.

महिनोन् महिने खेटे घालून त्यांनी प्रशिक्षणाचा निधी मंजुरीपर्यंत आणला. आता समितीसमोर फक्त प्रात्यक्षिक राहिलं होतं. हरवलेला माणूस ड्रोननं शोधून दाखवायचा, बस्स!

"साहेब, लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा आहे. फार सफाईनं उडवतो. त्याला बोलावू," ताई म्हणाल्या.

"लग्नातला माणूस? समितीसमोर?" मी उखडलो. आमच्या ऑफिसची रीत आहे. नवं यंत्र आलं की पहिला हात प्रमुखाचा. झेरॉक्स मशीनची पहिली प्रत मीच काढली होती. कोरी निघाली, पण काढली मीच!

ताईंनी वहीतलं त्या मुलाचं नाव खोडलं. त्या तेव्हा भांडल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

हरवलेला माणूस म्हणून मी माझ्या मेहुण्याला धरून आणलं. त्याला तसंही काही काम नसतं. जोखीम नको म्हणून जागासुद्धा ठरवून दिली. "मैदानापलीकडच्या टाकीमागे निपचित पडून राहा. हलायचं नाही!" मध्येच वाजायला नको म्हणून त्याचा फोनही काढून घेतला. अंगात भगभगीत नारिंगी जाकीट. आंधळ्यालाही सापडला असता!

समिती आली. मांडवात खुर्च्या, समोर मोठा पडदा. दुकानातून एका दिवसापुरता मागून आणलेला ड्रोन मी झोकात वर चढवला आणि थेट टाकीमागे नेला.

टाकीमागे एक चप्पल होती. मेहुणा नव्हता!

"जरा आजूबाजूला बघतो," मी घाम पुसत म्हणालो. झुडपं पाहिली, खड्डे पाहिले. दोन कुत्री सापडली. अध्यक्ष पुढे सरकून बसले. "अहो, माणूस खरंच हरवला की काय? फोन लावा त्याला!"

लावला. माझ्याच खिशात वाजला.

तेवढ्यात मागून कुणीतरी उत्साहानं ओरडलं, "डावीकडे घ्या! त्या झुडपात बघा ना!"

आवाज ओळखीचा होता. मी वळलो. खुर्च्यांच्या मागे, नारिंगी जाकिटात, एका पायात चप्पल घालून आमचा मेहुणा टाचा उंचावून पडद्यावर स्वतःला शोधत होता!

"इथे काय करतोयस?" मी दातओठ खात पुटपुटलो.

"दाजी, तिथे मुंग्या होत्या. आणि तिथून मला पडदा कसा दिसणार? मी कसा दिसतोय ते बघायला आलो!"

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"शोधपथकातले स्वयंसेवक," मी ठोकून दिलं.

"नाही हो, मीच तो हरवलेला!" मेहुण्यानं अभिमानानं सांगितलं.

या गडबडीत माझं आभाळाकडे लक्षच नव्हतं. मैदानाच्या कडेला एक उंच झाड आहे. ड्रोन त्यात घुसला, फडफडला आणि गप्प झाला. परक्याची वस्तू! मी मागचापुढचा विचार न करता बूट काढले आणि चढलो. चढणं जमलं, पण उतरायचं कसं ते सुचेना. हातात ड्रोन, फांदीवर मी आणि खाली अख्खी समिती!

"साहेब, हलू नका!" ताई ओरडल्या. त्यांच्या माणसांनी शिडी लावली, मला दोर बांधला आणि बाळासारखं अलगद खाली आणलं. समितीनं टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष उठले. "ड्रोनला पाठीमागे उभा असलेला माणूस सापडला नाही. शिडीनं मात्र झाडावरचा माणूस हां हां म्हणता खाली आणला. डोळ्यांनी पाहिलं! निधी मंजूर. शिडीच्या प्रशिक्षणासाठी!"

"साहेब, शिडी आम्हाला येतेच हो," ताई हळूच म्हणाल्या. पण समिती चहाकडे निघाली होती.

ताई दोर गुंडाळत राहिल्या. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "खरचटलं असेल तर औषध लावा."

परवा एका कारखान्यातून धूर निघाला. आत कुणी आहे का, कळेना. पुन्हा दोघं आत गेले. मी बाहेर उभा राहून दाराकडे बघत होतो. माझ्या हौसेपायी ती दोन माणसं धुरात होती, दुसरं काही सुचत नव्हतं.

आले बाहेर, सुखरूप. आत कुणीच नव्हतं. त्यातला एकजण खोकत खोकत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "साहेब, तेवढं आज झाडावर चढू नका हं! शिडी अजून गाडीवरून उतरवलेली नाही."

सगळे खो खो हसले. ताईसुद्धा हसल्या. मीही हसलो, आणि त्याला पाणी आणून दिलं. दुसरं मला काय येतं!