कान की यंत्र?

चिमणीच्या कानातल्या ऐकण्याच्या यंत्राचा सेल पहिल्याच तासाला संपला. पुढच्या तासाला श्रुतलेखनाची परीक्षा होती, आणि श्रुतलेखनात चिमणी कायम पहिली. त्यामुळे सेल कुणी बदलायचा हे ठरवायला शाळेच्या सर्वसमावेशक साहाय्य गटाची तातडीची बैठक बोलावण्यात आली.

खरं तर चिमणीने दप्तरातून नवा सेल काढला होता. "मी घालते," असं म्हणालीही. मोठ्या बाईंनी तो अलगद काढून घेऊन टेबलावर ठेवला. "बाळ, साहाय्य घेणं ही तुझी भूमिका. सगळं तूच केलंस तर आम्ही काय माश्या मारायच्या?"

चिमणीला अर्थातच ऐकू आलं नाही. तिला परीक्षेला पाठवण्यात आलं.

बैठकीत वर्गाच्या बाई कडेच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्या लहानपणी बाकावरच्या मैत्रिणीला कमी ऐकू यायचं. गुरुजींनी हाक मारली की या तिला कोपराने ढोसायच्या. गट नाही, बैठक नाही. हे बोलावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण भावनिक स्वरूपाचं बोलणं समुपदेशकांच्या अखत्यारीत होतं.

"कानात आहे ना? मग ते दवाखान्याचं काम," शाळेचा वायरमन म्हणाला.

"सेल म्हणजे वीज!" नर्सताई उसळल्या. "उद्या ट्यूबलाइटही मीच बदलू का?"

समुपदेशकांनी तोडगा काढला: आत असेपर्यंत तो कान, बाहेर आल्यावर यंत्र. सगळ्यांनी माना डोलावल्या. मात्र कानातून निघताना, अर्धं आत अर्धं बाहेर असताना ते काय, यावर दोनदा चहा मागवावा लागला. अखेर तेवढ्या क्षणासाठी 'संक्रमण समन्वयक' हे पद निर्माण झालं.

तेवढ्यात घंटा झाली. कोरा कागद घेऊन चिमणी दारात उभी राहिली. त्यावर लाल शून्य होतं.

"बघा!" मोठ्या बाई गहिवरल्या. "पोरीला आपली किती गरज आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गडबडीत चिमणीने टेबलावरचा सेल उचलला, यंत्र काढलं, सेल बसवला, यंत्र परत कानात घातलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"बाई, काय ठरलं?" तिने वर्गाच्या बाईंना विचारलं.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. तिला सांगायचं कुणी, हे ठरलंच नव्हतं.

आणि वाचकहो, तुम्ही कशाला हसताय? बैठकभर सेल टेबलावरच होता. तुम्हालाही दिसत होता.