गुनवोरच्या भांड्यातला स्नूस

टक्.

स्वयंपाकघर इतकं गप्प होतं की बाबांच्या डबीचं झाकण उघडल्याचा एवढासा आवाज तूवेला थेट खिडकीपाशी ऐकू आला. आई गेल्यापासून या घरात आपणहून बोलणारी वस्तू म्हणजे ही डबीच. बाबांनी स्नूसची, म्हणजे ओठाखाली धरायच्या ओल्या तंबाखूची, चिमूट काढली, वरच्या ओठाखाली सारली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच सेनापतीसारखे ताठ उभे राहिले.

"वाढवू देत सरकारला कर," ते म्हणाले. "मी स्नूस घरीच करीन. माझ्या ओव्हनवर कोण कर लावतो, बघतोच!"

बाबा, म्हणजे स्तूरे, जन्मभर हार्नोसांदच्या बंदरात क्रेन चालवत आले होते. त्यांनी अख्ख्या बोटी उचलल्या असतील, पण अंडं उकडायचं झालं की हाक गुनवोरला, म्हणजे आईलाच. अशा माणसानं तंबाखूचं पीठ, मीठ आणि पाणी कालवून ओव्हनमध्ये दिवसभर मंद आचेवर ठेवलं आणि गार झाल्यावर त्यात सोडा घातला. मग घराला जो वास सुटला, तो गोठ्यात बसून कुणीतरी केस रंगवत असावं तसा. ऐन थंडीत खिडक्या सताड उघड्या! दुसऱ्या दिवशी सगळ्यांची नाकं त्या वासाला शरण गेली.

तूवेला हसू फुटत होतं, पण तिनं ते गिळलं. या घरात पूर्वी आई आणि बाबा, दोघांचीही धुराडी चालत. आईच्या फुप्फुसांच्या आजाराचं निदान झालं त्याच आठवड्यात बाबांनी सिगारेट टाकून स्नूस धरला आणि पुन्हा धुराकडे वळून पाहिलं नाही. आईला ते जमलं नाही. ती चर्चच्या गायनवृंदात पुढच्या रांगेत उभी राहायची. स्नूसनं ओठ फुगवून देवासमोर कशी गाऊ, असं म्हणायची. तूवेची स्वतःची सिगारेट सुटली ती ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या छोट्या पांढऱ्या पुड्यांवर. त्यातली एक तिनं इस्पितळात आईच्या हातावर ठेवली, तेव्हा आईनं ती बोटांत फिरवून पाहिली. मग म्हणाली, "इतक्या छोट्या असतात होय?"

आता त्या पुड्यांवर आणि स्नूसवर जवळजवळ सिगारेटच्या तोडीचा कर बसवायचं घाटत होतं. बाबा ओव्हनच्या बढाया मारत, पण एकदा भांडी पुसताना हळूच बोलून गेले होते, "दोन्ही सारखंच महाग झालं ना तूवे, तर माझा हात कशाकडे जाईल ते मला ठाऊक आहे." त्या दिवसापासून तूवेला एकच धास्ती होती. आईमागोमाग बाबाही.

म्हणून तिनं इंगेलाला कॉफीला बोलावलं. इंगेला नगरपालिकेत निवडून आलेली होती, आणि पुढच्या आठवड्यात राजधानीत तिच्या पक्षाची बैठक होती. तिथे या करावर बोलणं होणार होतं. बाबांचं ऐकून तरी घेते, पटलं तर तिथे उठून बोलेन, एवढं तिनं कबूल केलं होतं.

कॉफीबरोबर चॉकलेटचे गोळे. ओट्स, कोको, लोणी, साखर असं सगळं तूवेनं सकाळीच कालवून फ्रिजमध्ये ठेवलं. ते वळून खोबऱ्याच्या किसात घोळवायचं काम तिच्या पाच वर्षांच्या मुलीकडे, टिल्डाकडे. टिल्डाचं नाक सर्दीनं पार चोंदलेलं, पण उत्साह उतू चाललेला. तिनं फ्रिज उघडला. काचेच्या भांड्यात काहीतरी तपकिरी होतं. शेजारी आजीच्या निळ्या भांड्यातही काहीतरी तपकिरी होतं. आता चॉकलेटचे गोळे आजीच्या निळ्या भांड्यातूनच येतात, हे टिल्डाला जन्मापासून माहीत. तिनं निळं भांडं ओढलं.

बाहेरच्या खोलीत इंगेला टेकते न टेकते तोच बशी आली. गोळे असे गोल की आजीनंच वळले असावेत. इंगेलानं एक तोंडात टाकला आणि ती थबकली.

"खारट काळा ज्येष्ठमध घातलाय?" तिनं विचारलं. "चॉकलेटमध्ये? धाडसच आहे."

त्या खारट, नाकात जाणाऱ्या काळ्या गोळ्या चघळतच तिथली माणसं मोठी होतात, त्यामुळे इंगेलाला संशयच आला नाही. उलट पुढ्यात आलेलं संपवायचं ही तिची शिस्त. तिनं दुसरा उचलला.

नेमके तेव्हाच बाबा बोलायला लागले. त्यांनी भाषण पाठ केलं होतं, ते सगळं विसरले.

"हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, इंगेला," ते म्हणाले. "पण मी आहे. आणि ती नाही."

इंगेलाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना वाटलं, लागलं काळजाला. मग तिला उचकी लागली. मग दुसरी. मग तिचा चेहरा उन्हाळी काकडीच्या रंगाचा झाला, आणि ती उठून खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीपर्यंत कशीबशी पोचली.

तूवेनं उरलेला गोळा फोडून नाकाशी नेला.

"बाबा, तुझा स्नूस कुठे आहे?"

"फ्रिजमध्ये. गुनवोरच्या भांड्यात. दुसरं कुठलं मला सापडतं?"

तूवे धावली ती टिल्डाकडे. तिचं तोंड उघडून पाहिलं, जीभ पाहिली, हात कोपरापर्यंत साबणानं घासले. चाटलंस का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

"नाही," टिल्डा दुखावून म्हणाली. "पाहुण्यांनी खाल्ल्याशिवाय बोटं चाटायची नाहीत. आजी रागावते."

तूवेनं तिला इतकं घट्ट धरलं की साबणाचा फेस दोघींच्या केसांना लागला.

विषबाधा मदतकेंद्राच्या फोनवरची बाई फारच समंजस. आधी टिल्डाबद्दल खोदून खोदून विचारलं. मोठ्या बाईंना उलटी झाली आहे ना, मग पाणी द्या आणि आडवं होऊ द्या, म्हणाली. खाल्लं कशाबरोबर, हे विचारताना मात्र तिला हसू आवरत नव्हतं. खोबऱ्याबरोबर, असं तूवेनं प्रामाणिकपणे सांगितलं.

तासाभरानं इंगेला माणसांत आली. कोट घालताना तिनं बाबांचा हात हातात घेतला.

"स्तूरे, तुझं मला पटत होतं. खरंच. पण तिथे उभी राहून हे सिगारेटच्या मानानं सौम्य असतं असं म्हणायचं, तर..." तिला उचकी आली. "ते माझ्या तोंडून निघणारच नाही रे."

दार लागलं. बाबांनी उरलेला सगळा स्नूस कचऱ्यात ओतला आणि निळं भांडं धुतलं. पुसलं, पुन्हा धुतलं. खिशातली डबी काढली. टक्. डबी रिकामी होती. मग त्यांनी खालचा खण ओढला, जो तूवेनं आईनंतर कधी उघडला नव्हता. आत आईचं शेवटचं सिगारेटचं पाकीट होतं, अर्धं भरलेलं. बाबांनी ते नाकाशी धरलं. बऱ्याच वेळानं त्यांनी ते जागच्या जागी ठेवलं आणि खण लोटला. फेकलं मात्र नाही.

तूवेच्या कडेवरून टिल्डा ते सगळं बघत होती.

"आई," ती चोंदलेल्या नाकानं म्हणाली, "आजीनं त्या सिगारेटींऐवजी माझे गोळे खाल्ले असते, तर तीपण नुसती उलटी करून घरी आली असती ना?"