दौलतरावांचा हवा कापणारा टप

दौलतरावांचं गणित असं होतं: पिकअपच्या हौद्यावर लाकडी टप बसवला, की लिटरमागं दोन किलोमीटर जास्त! माझं गणित त्याहून सरस. टपाला माझी दोन जुनी दारं द्यायची आणि वर्षभर माझी भाजी बाजारात फुकट न्यायची! दुसऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं की आपण जवळच उभं राहावं, काहीतरी हाती लागतंच!

"मोकळ्या हौद्यात हवा अडकते, नरेंद्रभाऊ! आपलं अर्धं डिझेल तेच पिऊन राह्यली!" दौलतराव मोबाईलवर परदेशी गाड्या दाखवत म्हणाले. "टप बसला का हवा वरून सुळकन निंगून जाईन!"

टप झाला. केबिनपाशी उंच, मागं घसरगुंडीसारखा उतरत थेट हौद्याच्या मागच्या फळीला टेकलेला. वर ताजं, चकचकीत पॉलिश! नवरी पाहायला यावं तसं अख्खं किन्हीराजा गाव येऊन पाहून गेलं.

आत वाकून पाहिलं ते फक्त दौलतरावांच्या बायकोनं, पंचफुलावहिनींनी.

"अन् इथं कॅरेट कसे बसतीन? इथं तं उंदरालेबी मान घालून जा लागते!"

"तुले हवेतलं काय समजते?"

"मंग माहा सांबार कुठी ठेवू? तुमच्या डोक्शावर?"

"येष्टीनं आन!"

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. टपातली मानाची जागा माझ्या सांबाराला मिळाली. लग्नसराईचा भाव होता, आणि या एका खेपेवर मी बायकोला, सुचिताला, शिलाई मशीन कबूल केलं होतं!

मे महिन्यातली सकाळ. दौलतराव चाळीसच्या वर जाईनात.

"काहून हो इतक्या धिरे?"

"अ‍ॅव्हरेज!"

तेवढ्यात एसटी भुर्रकन पुढं गेली. मागच्या खिडकीत वहिनी, शेजारी त्यांच्या सांबाराच्या जुड्या, पाहुण्यांसारख्या वारा खात बसलेल्या! वहिनींनी हात हलवला.

मंगरूळपीरला पोचलो तेव्हा लिलाव संपत आला होता. टप उघडला, तर लग्नातल्या भाताचं झाकण काढावं तशी वाफ! माझा सांबार जागच्या जागी शिजला होता. व्यापारी किसनसिंगनं एक जुडी नाकाशी नेली.

"भाऊ, भाजी आनली का फर्निचर?"

वहिनींचा सांबार पहिल्याच बोलीत, चढ्या भावानं गेला होता.

दौलतराव मात्र मीटरपुढं नाचत होते. "दोन नाई भाऊ, अडीच! अडीच जास्त!"

माल अर्धाच होता, हे मी बोललो नाही. शेवटी दारं माझी होती.

"मले घरी तं सोडा!"

"नाई भाऊ. आता रिकाम्या गाडीचं पाहाचं हाय. तुमच्या वजनानं अ‍ॅव्हरेज पडीन!"

तर एकंदरीत डिझेल दौलतरावांचं वाचलं, भाव वहिनींना मिळाला. मशीनचं सुचिताला काय सांगावं, या विचारात मी एसटीत वहिनींशेजारी बसलो. कंडक्टर आला. वहिनींचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण.

वहिनींकडं सगळ्या पाचशेच्याच नोटा होत्या. दोन्ही तिकिटं मी काढली.