कोंडीबा झोपेत मल्याळम बोलतो

"आमचं मालक झोपेत कूस बदलायच्या आधी मला कळतंय!" असं बनाबाई अख्ख्या कॉलनीला ठणकावून सांगायची. आता झोपेवर एवढा भरवसा कुणी ठेवावा का?

विट्याच्या कडेची ही कॉलनी म्हणजे परमुलखात सोनं गाळायचा धंदा करून माघारी आलेल्यांची. कुणी सिलीगुडीत, कुणी कोइमतुरात, कुणी केरळात उमर घालवलेली. घरं मराठी, पण भांडणं चार भाषांत! बनाबाईचा नवरा कोंडीबाही केरळातून कायमचा घरी आला. दुपारी जेवला, की दारातल्या बाजेवर पडायचा आणि झोपेत मल्याळम बोलायचा. तेही गोड गोड हसत!

जागेपणी हा माणूस बायकोशी असा कधी हसला नव्हता. बनाबाईला शंका आली. तिकडं दुसरी कोण हाय का काय?

कोइमतुराहून आलेल्या शेजारच्या शालूबाईला तिनं ओढतच आणलं. शालूबाईनं कान लावला.

"ही तमिळ न्हवं. पर निम्मं कळतंय. कुना बाईला 'ये, ये' म्हनतोय गं!"

"बाईला?"

"आन 'साडी वर धर' म्हनतोय!"

चहाला उकळी फुटायच्या आत बाजेभोवती बायकांचं कडं झालं. कुणीतरी पळत जाऊन केरळात त्रिशूरला वाढलेल्या सोनियाला, पलीकडच्या घरातल्या सुनेला, घेऊन आलं.

"काकी, गप बसा जरा," म्हणत सोनिया ऐकू लागली. मग हळूच सांगू लागली, "म्हणतायत, भिऊ नको. चपला हातात घे. साडी वर धर. लाट येती आन परत जाती. तुझ्या आटपाडीत कुठलं आलंय एवढं पानी?"

आटपाडी बनाबाईचं माहेर! सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. भर उन्हात कोंडीबा कुजबुजत होता, आणि बनाबाईनं नकळत साडी घोट्यांच्या वर धरली होती. इतक्या सुखात ती लग्नातही नव्हती.

कोंडीबानं डोळे उघडले. भोवती एवढ्या बायका!

"काय झालं? मेलो का काय मी?"

"आवं," बनाबाई लाजत म्हणाली, "समुद्र कवा दावताय?"

"कसला समुद्र? येडी का काय! च्या टाक."

बायका पांगल्या. बनाबाईनं मात्र सोनियाचा हात सोडला नाही.

"पोरी, मला तुझी ती भाषा शिकीव. ह्या मानसाला मराठीत न्हाई म्हनायची लय सवय लागलीया!"