साळवेभाऊंचा बंदोबस्त

बर्फ पडायला लागला की आमच्या गल्लीतले सगळे लोक नगरपालिकेच्या बर्फ काढायच्या गाडीची वाट बघतात. साळवेभाऊ तिला अडवायला उभे राहतात.

गाडी यायच्या आत ते कानटोपी, त्यावर जाकिटाची टोपी, त्यावर मफलर अशा थाटात फावडं घेऊन बाहेर पडतात आणि घरापुढचा रस्ता साफ करतात. अंगण नव्हे, रस्ता. सरकारी रस्ता. गाडी आली की हात आडवा करून ड्रायव्हरला सांगतात, इथलं काम झालं आहे, फाळ वर घे, तेवढं डिझेल वाचव. ड्रायव्हर मान डोलावतो, फाळ आहे तसाच ठेवतो आणि सगळ्या गल्लीचा बर्फ ओढत आणून नेमका साळवेभाऊंच्या दारात ढीग करून निघून जातो. भाऊ त्या ढिगाकडं बघतात आणि म्हणतात, "कोण भरणार?"

हा त्यांचा सगळ्याच गोष्टींना प्रश्न, म्हणजे याचे पैसे कोण देणार. दिवसा दिवा जळताना दिसला, कोण भरणार. शाळेला नवं मैदान झालं, कोण भरणार. चौकात नगरपालिकेनं फुलांच्या कुंड्या ठेवल्या तेव्हा ते प्रत्येक कुंडीपाशी थांबून हेच म्हणत गेले, आणि त्यांच्या पत्नी मार्थावहिनी मागून प्रत्येक फुलाचा वास घेत गेल्या.

साळवेभाऊ मूळचे नगरचे, ख्रिस्ती. तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत नेपरव्हिलला आले, एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासले, आता रिटायर झालेत. माझ्या मुलाच्या, नागेशच्या, घरापासून त्यांचं तिसरं घर. मी इथं आले आणि गल्लीत आणखी एक मराठी बाई आल्याचं त्यांना कळलं, तेव्हा मार्थावहिनी शेंगदाण्याची चटणी घेऊन भेटायला आल्या. भाऊ त्यांच्या मागून आमच्या खिडक्यांच्या कड्या तपासत आले. दोन कड्या सैल निघाल्या. त्या बसवूनच ते चहाला बसले.

त्यांच्या बोलण्यात 'क्रम' हा शब्द फार येतो. आधी देव, मग घर, मग देश. सरकार चौथं, आणि तेही फक्त कुंपणापुरतं. कुंपण म्हणजे फौज. कुंपणाला हवे तेवढे पैसे द्यावेत. पोरांचं शिक्षण, आजारी माणसं, म्हातारी माणसं हे घरानं आणि चर्चनं बघावं. घर घरासारखं असेल तर सरकारला तिथं काय काम, असं त्यांचं म्हणणं. मला यातलं फार कळत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला घरानं बघावं हे कुणी एवढ्या ठामपणानं म्हणालं की मला बरं वाटायचं.

दर सोमवारी ते त्यांच्या भागाच्या काँग्रेसमनला, म्हणजे इथल्या खासदाराला, पत्र लिहीत. खर्च कमी करा, सरहद्द सांभाळा, आईबापांना पोरांपाशी बसायला वेळ मिळेल असे कायदे करा. दर वेळी छापील उत्तर येई, तुमच्या पत्राबद्दल आभारी आहोत. भाऊ ते फाईलला लावत आणि म्हणत, विचार करतोय माणूस. एकदा मार्थावहिनी म्हणाल्या, तुम्हाला उत्तर पाठवायला त्यांना कागद लागतो, माणूस लागतो, टपाल लागतं, तो खर्च नाही का. भाऊंनी पुढच्या सोमवारची वाट पाहिली. मग त्यांनी पत्र लिहिलं की यापुढं माझ्या पत्रांना उत्तर पाठवू नये. त्याचंही उत्तर आलं. तुमच्या पत्राबद्दल आभारी आहोत.

त्यांच्याकडं संध्याकाळी सहाला जेवण. टीव्ही बंद, फोन उचलायचा नाही, सगळ्यांनी एका टेबलाशी. जेवणाआधी भाऊ प्रार्थना करतात, मराठीतून. त्यात आधी राष्ट्राध्यक्ष येतात, मग सैनिक, मग विमानतळावरचे पहारेकरी, मग सरकारी तूट, ती भरून निघावी म्हणून जरा जास्त वेळ, आणि सगळ्यात शेवटी ताटातली भाकरी. तोवर ती भाकरी गार झालेली असते. वहिनी डोळे मिटूनच ताटावर ताट पालथं घालतात.

तेव्हा टीव्हीवर रोज अतिरेकी हल्ल्याच्या धोक्याचा रंग सांगायचे. पिवळा म्हणजे जपून राहा, नारिंगी म्हणजे फारच जपून. मी दारातला पेपर उचलायला आले की भाऊ रस्त्यावरून हाक मारून सांगत, "ताई, आज पिवळा." एकदा नारिंगी झाला त्या दिवशी माझ्या अंगावर योगायोगानं नारिंगी लुगडं होतं. भाऊ थांबले, मला नीट पाहिलं आणि नागेशला म्हणाले, "बघ, शिक. तुझ्या आईएवढं सावध या गल्लीत कुणी नाही." मी पेपर उचलून आत आले. मी तशीही फार बोलत नाही. पण पुढं दोन वेळा रंग बदलला तेव्हा मी लुगडं बदललं हे खरं आहे.

त्यांना एकच मुलगी, रूथ. इथंच जन्मलेली, शाळेत लहान मुलांना शिकवते, आईबापांकडंच राहते. तिच्या कॉलेजची फी सरकारनं भरली होती. नागेशनं एकदा मुद्दाम विचारलं, काका, हा खर्च चालतो का तुम्हाला. भाऊ शांतपणे म्हणाले, "तो कुंपणातून आलाय." रूथनं राखीव फौजेत नाव घातलं होतं, महिन्यातून एक शनिवार-रविवार वर्दी घालून कवायतीला जायचं आणि बदल्यात फी. तो फॉर्म भाऊंनीच आणला होता. देशाचं काम होतं, घराला ओझं नाही, पोरगी सोमवारी परत घरी. क्रमात कुठंही चूक नव्हती.

इराकचं युद्ध सुरू झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एक दिवस रूथ माझ्याकडं आली. मी भाकरी करत होते. ती ओट्यापाशी उभी राहून कोरडीच भाकरी खात म्हणाली, "मावशी, लेटर आलंय. नेक्स्ट मंथ जायचं. इराक. वन इयर."

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

आईला माहीत होतं. बापाला सांगायचं राहिलं होतं. सांगायला गेलं की ते तिलाच देशाबद्दल सांगत बसायचे, आणि मधेच उठून कड्या तपासायला जायचे. मला का सांगतेस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "बिकॉज तुम्ही कुणाला सांगत नाही." हे खरं होतं. पण पुढचा आठवडाभर भाऊंनी सकाळी रंग सांगितला की मी पेपर न उचलताच आत वळायची.

आता त्यांच्या खोलीबद्दल सांगायला हवं. मागे टीव्हीवर सांगितलं होतं की विषारी वायूचा हल्ला झाला तर घरातली एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून बंद करता यावी. तेव्हा सगळ्यांनी चिकटपट्ट्या आणल्या आणि नंतर त्याच पट्ट्यांनी खोकी बांधली. भाऊंनी मात्र कपडे धुवायच्या मशीनची खोली त्यासाठी कायमची राखून ठेवली. दाराच्या मापाचं प्लास्टिक कापून त्यावर नंबर घातले. आत पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचा डबा, बायबल, रेडिओ आणि पडद्यामागं एक बादली, जिच्याबद्दल कुणी विचारायचं नाही. महिन्यातून एका शनिवारी सराव. शिट्टी वाजली की घरात असेल त्यानं असेल तसं खोलीत यायचं, आणि तीस मिनिटं दार उघडायचं नाही.

त्या शनिवारी वहिनींच्या कुकरची रिंग खराब झाली होती म्हणून मी माझा कुकर घेऊन गेले होते. सहाच्या जेवणाची डाळ लावली, गॅस मोठा केला, आणि भाऊंची शिट्टी वाजली.

आम्ही चौघं आत गेलो. भाऊंनी प्लास्टिक लावलं, चिकटपट्टी वरून खाली दाबत आणली आणि हजेरी घेतली. सॉलोमन साळवे, हजर. मार्था साळवे, हजर. रूथ साळवे, मशीनवर पाय सोडून बसलेली, हजर. मग माझं नाव घेऊन ते म्हणाले, "राहतात तिसऱ्या घरात, पण क्रमानं घरातल्याच."

बाहेर कुकरची पहिली शिट्टी झाली. मी वहिनींकडं बघितलं, वहिनींनी भाऊंकडं बघितलं, भाऊंनी घड्याळाकडं. दुसरी झाली. तिसरीला माझ्या तोंडून कसाबसा शब्द निघाला, "डाळ."

"ताई, शत्रू डाळ शिजेपर्यंत थांबत नाही," भाऊ म्हणाले.

तेवढ्यात रूथ म्हणाली, "डॅड, लेटर आलंय."

"काँग्रेसमनचं?"

"आर्मीचं. आय हॅव टू गो, डॅड. इराक. पुढच्या पंधरा तारखेला. एक वर्ष."

चौथी शिट्टी झाली. त्या खोलीतून उठून जायला जागा नव्हती, तपासायला कडी नव्हती. दार त्यांनी स्वतःच बंद केलं होतं. मला वाटतं पोरीनं म्हणूनच ती जागा निवडली.

"क्रम मला माहितीये," रूथ म्हणाली. "पण कुंपणाला कुणीतरी लागतं ना. तुम्हीच म्हणता."

भाऊंनी घड्याळ बघितलं. "अजून एकवीस मिनिटं आहेत," ते म्हणाले.

त्यानंतर एकटा कुकर बोलत होता. पाचवी, सहावी, पुढं मी मोजणं सोडलं. मग शिट्ट्या थांबल्या, ते जास्त वाईट होतं. थोड्या वेळानं जळका वास आला. वहिनी म्हणाल्या, "अहो, वास आत आला. म्हणजे वायूही आला असता." एरवी भाऊंनी यावर पट्टीची रुंदी, जाडी, कंपनी सगळं सांगितलं असतं. त्या दिवशी ते नुसती पट्टी बोटानं दाबत राहिले. बाहेर धाडकन आवाज झाला आणि लगेच घरातली घंटा कोकलायला लागली.

ही घंटाही भाऊंनीच बसवलेली. धूर झाला की ती घरात वाजते आणि फोनवरून अग्निशामक दलालाही कळवते.

घड्याळ माझ्या समोरच होतं. तीस मिनिटं होऊन गेली होती. भाऊ दाराला पाठ लावून उभे होते. म्हणाले, "अजून थोडं राहिलंय."

वहिनी उठल्या. त्यांनी भाऊंच्या दंडावर हात ठेवला. "उघडा आता. लेक आहे ती. बिस्किटांचा डबा नाही."

भाऊ पट्टी कधी फाडत नाहीत, परत वापरता यावी म्हणून हळू सोडवतात. त्या दिवशी त्यांनी ती इतकी हळू सोडवली की वहिनींनी दुसऱ्या टोकानं सोडवायला घेतली.

स्वयंपाकघरात धूर होता, गॅस वहिनींनी झटकन बंद केला. माझ्या कुकरचा व्हॉल्व्ह उडाला होता आणि निम्मी डाळ छताला चिकटली होती. तोवर बाहेर बंब आले. एक नाही, तीन. गल्लीतली सगळी दारं उघडली. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण जमीन बर्फानं गोठली होती.

भाऊ बिनकोटाचे बाहेर गेले आणि तिथल्या मुख्य साहेबाशी वाद घालायला लागले. रूथ मला मराठीत सांगत होती. एका डाळीला तीन बंब कशाला, एक ठेवा, दोन परत पाठवा. साहेब म्हणाला, नियम आहे. भाऊ म्हणाले, कोण भरणार. साहेब म्हणाला, तुम्हीच, सर, करातून, कधीच भरलेत. शेजारी हसले. रूथही हसली, आणि हसता हसता तिनं बाहीनं डोळे पुसले. वहिनींनी मागून येऊन भाऊंच्या खांद्यावर कोट टाकला.

शिपायांनी आत जाऊन खिडक्या उघडल्या, छत हात लावून बघितलं, एकानं बोट चाटून डाळीत मीठ कमी आहे असं काहीतरी सांगितलं. मग साहेबानं एक छापील कागद काढला आणि भाऊंना विचारून भरायला लागला. सरकारी कागद दिसला की भाऊ आधी तोच कागद कशाला लागतो हे विचारतात. आज ते निमूट सांगत होते. आग कुठं लागली, कुणाला इजा झाली का. साहेबानं विचारलं, घरात किती माणसं राहतात. एवढं इंग्रजी मला येतं.

"थ्री," भाऊ म्हणाले.

रूथ हळूच म्हणाली, "डॅड, नेक्स्ट मंथपासून टू."

भाऊंनी तिच्याकडं पाहिलं नाही. साहेबाच्या हातात पेन्सिल होती, चुकलं तर खोडता येणारी. भाऊंनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, टोपण काढून त्याच्यापुढं धरलं आणि म्हणाले, "थ्री. विथ धिस."

साहेबानं पेन घेतलं. थंडीनं ते उमटेना. त्यानं कागदाच्या कोपऱ्यात दोनदा गिरवून बघितलं, मग हसून पेन्सिलीकडं हात नेला. भाऊंनी त्याला थांबवलं. पेन परत घेतलं, तोंडाजवळ धरून त्यावर वाफ सोडली, दोन्ही तळव्यांत घेऊन बराच वेळ चोळलं, पुन्हा वाफ सोडली, आणि मग परत त्याच्या हातात दिलं.

साहेबानं तीन लिहिलं. भाऊ वाकून, ते उमटलंय का हे बघत राहिले.