सलीमभाई आणि न तोलता येणारे बोल

कॉम्प्युटरनं दाखवलेली चूक सलीमभाई बसून कधीच वाचत नसत. पडद्यावर लाल ओळ आली की खुर्ची मागे सारून उभे राहायचे. "कोणी आपली चूक सांगून राहिलं, तं बसून आयकावं का, राजेहो?"

अकोल्याच्या धान्यबाजारामागे आमचं खोलीभर ऑफिस. तिथं आम्ही दोघंच प्रोग्रॅम लिहायचो. सलीमभाईंच्या चुका भरपूर, त्यामुळे अर्धा दिवस ते उभेच असत.

सलग नापिकीची वर्षं होती ती. अमरावतीच्या एका संस्थेला मुलींच्या वसतिगृहासाठी यादी हवी होती. ज्या घराची गरज जास्त, ते वर. सलीमभाई भातकुलीकडच्या गावांतून स्वतः फिरले. प्रत्येक नोंदीत त्यांनी घरची माणसं, शाळेचं अंतर लिहिलं आणि शेवटी मुलीच्या आईचं म्हणणं, तिच्याच शब्दांत. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये 'बोल' नावाचा एक वेगळा प्रकारच बनवला.

दोन नोंदींत वरची कोणती, खालची कोणती, हे ठरवणारा कोड आमची प्रोग्रॅमिंगची भाषा आपोआप लिहून द्यायची. त्या दिवशी तिनं साफ नकार दिला. सलीमभाई उठले, चूक वाचली आणि मला मराठीत सांगितली, "म्हणते, 'बोल' या प्रकाराची तुलना करता येत नाई."

"मग 'बोल' वगळा," मी म्हणालो. "नाहीतर ते कसे तोलायचे ते आपण हातानं लिहून देऊ. पाच मिनिटांचं काम."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. जिनिंगच्या कारखान्याकडून उडून आलेला कापूस उन्हात तरंगत होता, जमिनीशी काही काम नसल्यासारखा.

"इले समजलं," पडद्याकडे बोट दाखवत ते हळूच म्हणाले. "आमच्या अब्बाले नाई समजलं. एकाचीच शाळा होणार होती. त्यायनं आपाले, माह्या मोठ्या बहिणीले, अन् मले शेजारी उभं केलं, अन् मले निवडलं. आपा माह्यापेक्षा हुशार होती."

सलीमभाईंनी प्रोग्रॅममधून तुलनाच काढून टाकली. आयांचे बोल सगळ्यात वर घेऊन साऱ्या नोंदी छापून पाठवल्या. संस्थेच्या बाई तणतणत आल्या, "यात क्रम कुठाय?"

"आधी वाचा तं खरं, ताई."

बाई दुपारभर वाचत बसल्या. जाताना सगळे कागद नीट लावून सोबत घेऊन गेल्या. महिन्याभरानं कळलं, वसतिगृहाचं कोठार रिकामं करून तिथंही खाटा टाकल्या. तरी सगळ्या मुली मावल्या नाहीतच.

ते ऐकून सलीमभाईंनी पातूरला आपाला फोन लावला.

"काहून केला रे?" तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"काई नाई. उगाच."

पलीकडे ती शिलाई मशीनवर कपड्याला टिपा मारू लागली. बोलणं संपलं होतं, तरी दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.