प्रज्ञेशसाठी टेक्सासात मतदान

आपल्याला जमत नाही असं काही नाही! पुण्यात हडपसरच्या कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासतो. चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. मग पोराच्या नावात राहू देईन? नाव आम्हा दोघांना आवडलेलं: प्रज्ञेश. प्रश्न अमेरिकेचा होता. पोरगा उद्या तिकडे जाणारच! (तूर्त त्याला मान धरता येत नव्हती.) तिकडचे लोक त्या ज्ञ-ची पार वाट लावणार. मग स्पेलिंगमध्ये डी-एन-वाय घालावं, जी-वाय की जे-एन?

"आपण बिबवेवाडीत राहतो," बायको निकिता म्हणाली.

मी कसला ऐकतोय! आमच्या कंपनीचा बद्रीनाथ टेक्सासला गेलेला. त्याला तिन्ही स्पेलिंगं पाठवली. "तिकडच्यांकडून वाचून घे. जास्त लोकांना जमेल ते आपलं. उच्चारही तसाच ठेवू!"

बारशाच्या रविवारी सकाळी तिकडे शनिवारची रात्र. बद्रीनाथ आमच्या क्लायंटकडे, टॉमसाहेबांकडे, जेवायला गेला होता आणि पाहुण्यांची मतं घेत होता. इकडे बुद्धवंदना झाली आणि पाळण्यापाशी माझी मोठी बहीण जयाताई बसली. ताई कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती वर्गात शिरली की पंखासुद्धा जपून फिरतो! बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती वाकली, "कुर्रर्र" म्हणाली आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला.

"थांब ताई! प्रग्येश पुढे आहे!"

"कुठे पुढे आहे?"

"टेक्सासात!"

ताई पुन्हा वाकली. कुर्रर्र! धपाधप! पुन्हा मेसेज.

"थांब थांब! टॉमसाहेबांच्या सासूबाई प्रजनेश म्हणतायत!"

ताईनं पाठ चोळली. "अभय, याची आत्या मी आहे की टॉमच्या सासूबाई?"

"अगं, पण कुणी त्याचं नाव चुकीचं घेतलं तर?"

मला खरंच भीती वाटत होती हो! भरल्या वर्गात पोरं हसतील आणि हा घरी येऊन म्हणेल, बाबा, नाव बदला. तेव्हा मी काय करू?

"तर तो सांगेल त्यांना. गळा आहे की त्याला!" ताई म्हणाली. गळा होताच, पोरानं एव्हाना घर डोक्यावर घेतलं होतं.

"माझं नाव कचरू," खुर्चीतून आमचे वडील, नाना, म्हणाले. "याच नावानं ऑफिसर झालो. दारावर पाटी लावताना कुणाला विचारलं नाही."

ताई तिसऱ्यांदा वाकली, धपाटे खात खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रज्ञेश!" काय तो ज्ञ! पोरगं रडायचं थांबलं. मी मोबाईल बंद करून खिशात टाकला. अशी बहीण असताना मी मतं कुणाची मागत होतो?

सोमवारी कॉलवर टॉमसाहेबांनी मोठ्या उत्साहानं निकाल विचारला.

"मतदान रद्द, सर. नाव आत्यानं ठेवलं."

"आत्या म्हणजे?"

समजावून सांगितलं: वडिलांची बहीण, नाव ठेवायचा मान तिचा, आणि तिच्यावर अपील नाही. टॉमसाहेब अतिशय आदरानं म्हणाले, "मग आमच्या कामाच्या मंजुऱ्या तू मॅनेजरकडून कशाला आणतोस? या आत्यांनाच विचारत जा ना!"

आमचे मॅनेजरही कॉलवर होते.